काळ्या पडद्याची रोजकीर्द

इतिहास म्हटला की राज्यं बुडतात, तह होतात आणि शाळेतल्या पोरांना सनावळ्या पाठ कराव्या लागतात. पानिपत का झालं यावर आजवर जेवढा कागद खर्ची पडला, तेवढ्यात आमच्या बँकेच्या सगळ्या शाखांची वर्षभराची व्हाउचरं निघाली असती. पण घरच्या दिवाणखान्यातला पडदा ऐन रंगाच्या वेळी काळा का पडतो, याचा इतिहास काही कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. इतिहासकार मंडळींना घरी बसून सिनेमा बघायला सवड मिळत नसावी. किंवा पडदा काळा पडला की तीही चारचौघांसारखी बटणं दाबत बसत असावीत. ते काही असो, हे काम शेवटी एका बँकेतल्या कारकुनाच्या गळ्यात आलं आहे.

आता बी.कॉम. झालेल्या माणसानं इतिहास लिहावा का, असं कुणी विचारील. माझं म्हणणं असं, की इतिहासकार जे करतो तेच बँकेतला कारकून पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. बेरीज जुळली नाही की मागं मागं जायचं आणि तूट नेमकी कुठं सुरू झाली ते शोधायचं. फरक इतकाच, की इतिहासकाराला ती शंभर वर्षांनी सापडली तरी पीएच.डी. मिळते, आणि कारकुनाला सापडल्याशिवाय घरी जाता येत नाही.

पडदा हा मराठी माणसाचा जुना जिव्हाळ्याचा विषय. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून आपण पडद्याकडे तोंड करून बसलेले आहोत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि पडदा हलायला लागला. हलायला लागला तसा तो मधूनमधून बंदही पडायला लागला. पण त्या काळच्या बंद पडण्यात एक सरळपणा होता. तंबूतल्या सिनेमात रीळ तुटलं की मागं वळून बघायचं. तिथं ऑपरेटर दिसायचा, त्याच्या हातात तुटलेली फिल्म दिसायची. पब्लिक शिट्ट्या मारायचं, तो फिल्म चिकटवायचा, आणि नायक दोन वाक्यं गाळून पुढे बोलू लागायचा. गुन्हेगार समोर, गुन्हा समोर, शिक्षाही जागच्या जागी.

मग घरात टेलिव्हिजन आला. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला, आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. आमच्या पिढीचा जन्म त्याच्या नंतरचा. त्यामुळे ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी आम्ही बाराखडीच्या आधी वाचायला शिकलो. २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी सबंध चाळ एका घरात मावायची. चित्राला मुंग्या आल्या की एक जण गच्चीवर अँटेना फिरवायचा, एक जण जिन्यात उभा राहून निरोप पोचवायचा आणि एक जण टीव्हीसमोरून ‘आलं, आलं... गेलं!’ असं ओरडायचा. इथंही कारण डोळ्यांना दिसत असे. बहुतेक वेळा तो कावळा असे. आणि बिघाड दूरदर्शनकडचा असला तर निदान पाटी तरी लागायची. कारण सांगत नसत, पण खेद व्यक्त करत. माणसाला तेवढंही पुष्कळ होतं.

खरी पंचाईत झाली ती टीव्हीच्या खाली कॉम्प्युटर येऊन बसला तेव्हा. याला होम थिएटर कॉम्प्युटर म्हणतात. नाव मोठं, पण वस्तू साधी. एक लहानसा कॉम्प्युटर, त्याची वायर टीव्हीला, कीबोर्ड कुणाच्या तरी मांडीवर, आणि पोटात सिनेमे, गाणी, सहलीचे फोटो, बारशापासूनच्या सगळ्या चित्रफिती.

या वस्तूच्या इतिहासात २००२ साल महत्त्वाचं. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टनं ‘विंडोज एक्सपी मीडिया सेंटर’ काढलं, म्हणजे सोफ्यावर बसून रिमोटनं चालवायचा कॉम्प्युटर. त्याच वर्षी काही हौशी प्रोग्रामरांनी एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर सिनेमे दाखवणारा प्रोग्राम लिहिला. तोच नावं बदलत बदलत २०१४ साली ‘कोडी’ झाला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हिताची, सोनी, तोशिबा, फिलिप्स वगैरे सात कंपन्यांनी मिळून एचडीएमआय केबलचा पहिला नियम जाहीर केला. चित्र आणि आवाज एकाच वायरीतून! एका वर्षात सगळं एकत्र कुटुंब जमलं. आता एकत्र कुटुंब जमलं की पुढे काय होतं, ते मराठी वाचकाला सांगायला नको.

आमच्या घरी हे कुटुंब आलं ते अप्पांसाठी. अप्पा म्हणजे माझे वडील. ताईचं लग्न झालं १९९४ साली, आणि त्याची व्हिडिओ कॅसेट काढलेली होती. आई जाऊन आता सात वर्षं झाली. आईचे फोटो आहेत, पण चालती-बोलती आई फक्त त्या कॅसेटमध्ये आहे. कॅसेट चालवायला व्हीसीआर हवा, आणि व्हीसीआर बनवत राहिलेली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तीही २०१६ च्या जुलैत थांबली. म्हणून कॅसेटची कॉम्प्युटरात नक्कल करून घेतली आणि दर रविवारी दुपारी जेवण झालं की अप्पा ती लावायला सांगू लागले. तीन तासांची कॅसेट. सुरुवातीला अर्धा तास नुसता मांडव आणि फुलांची वेलबुट्टी. आई नीट दिसते ती अगदी शेवटी, पाठवणीच्या वेळी.

आणि पडदा काळा पडायचा तो पाऊण तासाच्या आत.

पहिल्या रविवारी आम्ही सगळे धावलो. दुसऱ्या रविवारी निम्मे धावले. तिसऱ्या रविवारी अप्पाच म्हणाले, “राहू दे रे. पुढचं मला पाठ आहे.” आणि उठून आत गेले. त्या वाक्यानंतर मी हा विषय हातात घेतला.

आमच्या सोसायटीत तज्ज्ञांना तोटा नाही. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, व्होल्टेज. केबलवाला म्हणाला, केबल. चिरंजीव म्हणाले, “बाबा, नवीन घ्या.” हा त्यांचा सायकलीपासूनचा सल्ला आहे. सेक्रेटरी म्हणाले, टीव्ही दक्षिणेकडे आहे. आमची ही म्हणाली, “अहो, बंद करून परत लावा.” या शेवटच्या उपायाला जगातले मोठमोठे कॉम्प्युटरवाले मान देतात, त्यामुळे मीही दिला. पण पुढच्या रविवारी पडदा पुन्हा काळा.

शेवटी मी बँकेत आमच्या एका जुन्या हेडक्लार्क साहेबांकडून शिकलेला मार्ग धरला. ते निवृत्त झाले तेव्हा मी नवा होतो. बँकांत कॉम्प्युटर आणायचा करार युनियनशी १९८३ साली झाला, रंगराजन समितीचा अहवाल १९८४ ला आला आणि मग लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. ती सगळी धामधूम त्यांनी काउंटरमागून पाहिली होती. ते सांगत, “फरकाला नवानं भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली आहे असं समज. नाही गेला, तर एकेक व्हाउचर टिक कर. पण एक ध्यानात ठेव. ज्याच्या काउंटरवर तूट सापडते, तो चोर असतोच असं नाही. तो फक्त शेवटी मोजणारा असतो.”

हे शेवटचं वाक्य काळ्या पडद्याच्या सबंध इतिहासाला लागू पडतं, असं माझं मत झालं आहे. ते कसं, ते जरा क्रमानं सांगतो.

पडद्यावर आलेल्या पहिल्या सुप्रसिद्ध बिघाडाचा रंग निळा. विंडोज एनटीचा १९९३ चा निळा पडदा आला, त्यावर इतके आकडे असत की आमच्या ताळेबंदालाही न्यूनगंड यावा. त्याआधीच्या विंडोज ३.१ मध्येही, प्रोग्राम अडकला आणि तीन बटणं एकदम दाबली की निळ्यावर मजकूर येई. तो मजकूर लिहिला होता स्टीव्ह बामर यांनी, जे पुढे २००० साली त्या कंपनीचे मुख्य झाले. म्हणजे दिलगिरीचं पत्र लिहिणारा गृहस्थ पुढे मॅनेजर झाला. आमच्याकडेही पद्धत साधारण हीच आहे.

२० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स व्यासपीठावर उभे होते आणि त्यांचा सहकारी ‘विंडोज ९८’ किती शहाणं आहे ते दाखवत होता. स्कॅनरची वायर लावली, की आपोआप ओळख पटणार! वायर लावली आणि मागच्या प्रचंड पडद्यावर निळा रंग पसरला. सभागृह हसलं. गेट्सही हसून म्हणाले, की म्हणूनच तर आम्ही अजून हे विकायला काढलेलं नाही. माणूस हजरजबाबी, यात शंका नाही. पण त्या दिवसापासून सगळ्या जगानं मनाशी ठरवून टाकलं, की पडदा गेला म्हणजे विंडोजचा दोष. कारण काउंटरवर विंडोज होतं.

मग २००७ च्या जानेवारीत ‘विंडोज व्हिस्टा’ बाजारात आलं आणि त्यानं आपल्या विषयात क्रांती केली. तोवर चित्र काढणारं कार्ड अडकलं की सगळा कॉम्प्युटरच ठप्प. व्हिस्टानं नवा नियम केला. कार्डाला एक काम दिलं आणि दोन सेकंदांत उत्तर आलं नाही, तर कार्ड अडकलं असं धरायचं, त्याला आणि त्याच्या ड्रायव्हरला परस्पर हलवून जागं करायचं आणि गाडी पुढे न्यायची. ड्रायव्हर म्हणजे गाडीचा नव्हे; कॉम्प्युटर आणि कार्ड यांच्यामधला दुभाषा प्रोग्राम. पडदा क्षणभर काळा होतो, पुन्हा येतो, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत निरोप येतो, की ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता सावरला आहे. मिनिटभरात असं पाच वेळा झालं तरी माफी. त्यापुढे गेलं तर मात्र निळा पडदा.

बँकवाल्यांना ही पद्धत नवी नाही. तिला आम्ही सस्पेन्स अकाउंट म्हणतो. फरक सापडत नाही? टाका सस्पेन्सला, आजचा दिवस बंद करा, उद्याचं उद्या बघू. सोय फार मोठी. पण सस्पेन्समध्ये पडलेली रक्कम आपोआप जिरत नाही, आणि तिथं कुणाचं नाव लिहिलं आहे यावरून ती कुणी खाल्ली हे ठरत नाही.

आता आकडेच बघा. व्हिस्टावरून अमेरिकेत एक खटला झाला, त्यात २००८ साली मायक्रोसॉफ्टची आतली कागदपत्रं उघडी पडली. २००७ मध्ये व्हिस्टाच्या ज्या क्रॅशची नोंद त्यांच्याकडे झाली होती, त्यांतले २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांच्या नावावर होते, १७.९ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टच्या, ९.३ टक्के एटीआयच्या. वाचून लोक म्हणाले, सापडला चोर! बरेचसे ड्रायव्हर तेव्हा खरंच कच्चे होते, कारण नव्या पद्धतीसाठी ते नव्यानं लिहावे लागले होते. त्यांना मी निर्दोष सोडत नाही. पण ड्रायव्हर हा दुभाषा. पलीकडचा माणूस तापानं फणफणलेला असेल आणि बोलतच नसेल, तर दुभाषा काय भाषांतर करणार?

आणि पलीकडचा खरोखरच तापलेला असू शकतो. जुलै २००८ मध्ये त्याच एनव्हिडियानं जाहीर केलं, की लॅपटॉपमधल्या काही चिप्सच्या दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला ठेवतो आहोत. दोष होता चिप बसवायच्या मालमसाल्यात. चिप तापली की फुगते, निवली की आकसते. रोज तापायचं, रोज निवायचं. काही महिन्यांनी खालचे डाखाचे बारीक ठिपके तडकतात. पुढे हौशी लोकांनी गेलेली कार्डं स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजून काढायला सुरुवात केली, आणि त्यांतली काही थोडे दिवस खरंच चालली! आमच्याकडे ओव्हन नाही, म्हणून आमच्या कार्डाची नानकटाई व्हायची राहिली. त्याच दशकाच्या सुरुवातीला सदोष द्रव भरलेले कपॅसिटर टम्म फुगून बोर्डच्या बोर्ड मरत होते. तिथंही आधी शिव्या खाल्ल्या त्या विंडोजनं.

एचडीएमआय केबलचं प्रकरण तर निव्वळ कांदेपोह्यांचं. टीव्ही सुरू झाला की आधी तो कॉम्प्युटरला आपली माहिती धाडतो: रुंदी अमुक, उंची अमुक, इतक्या रेघा, सेकंदाला इतकी चित्रं. बायोडेटा पाठवायची ही रीत १९९४ सालापासूनची. तो पोचला नाही तर कॉम्प्युटर म्हणतो, पलीकडे कुणीच नाही, आणि स्वस्थ बसतो. म्हणून टीव्ही आधी लावावा आणि कॉम्प्युटर मागून. त्यातून सिनेमा कुलूपबंद असला, तर इंटेलच्या एका व्यवस्थेप्रमाणे दोघांनी एकमेकांची ओळख पटवायची असते. जुन्या पद्धतीत तर ती साधारण दर दोन सेकंदांनी पुन्हा तपासली जाते. ‘अहो, तुम्ही तेच ना?’ ‘हो, मीच तो.’ ‘अहो, तुम्ही तेच ना?’ असा दर दोन सेकंदांनी प्रश्न विचारला तर चांगला चाळीस वर्षांचा संसार मोडेल, मग वायरीचं काय! मधे एक उत्तर गाळलं गेलं, की पडदा काळा. इथं दोष टीव्हीचा नाही, कॉम्प्युटरचा नाही, वायरीचाही असेलच असं नाही. ठरवणाऱ्याचा आहे.

आणि सर्वांत मोठा दाखला १९ जुलै २०२४ चा. त्या दिवशी जगभरात सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर एकदम निळे झाले. विमानं अडकली, आपल्याकडे विमानतळावर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दिवसभर लोक विंडोजला बोल लावत होते. निघालं काय? क्राउडस्ट्राइक नावाच्या पहारेकरी कंपनीनं पाठवलेली एक सदोष फाइल. १९ जुलै ही तारीख बँकवाल्यांना पाठ असते, कारण १९६९ साली याच तारखेला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. पंचावन्न वर्षांनी त्याच तारखेला हातानं लिहिलेली पावती परत आली. आमचे ते हेडक्लार्क साहेब असते तर म्हणाले असते, “बघ. अक्षर चांगलं ठेव म्हणून सांगत होतो.”

असो. तर मी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले. तारीख. लावल्याची वेळ. गेल्याची वेळ. काय बदललं. काय झालं. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तज्ज्ञ मंडळी इथंच गडबड करतात. केबल बदलतात, ड्रायव्हर बदलतात, टीव्हीची दिशाही बदलतात, आणि चित्र आलं तर कशानं आलं ते देवालाही सांगता येत नाही.

पहिली नोंद आवाजाची. पडदा काळा झाला तरी सनई चालूच होती. काळोखात लग्न पुढे चाललं होतं. कीबोर्डावरचं ‘नम लॉक’ दाबून पाहिलं, दिवा लागत-विझत होता. म्हणजे कॉम्प्युटर जिवंत. गेलं आहे ते फक्त चित्र. आवाज एकाच सुरावर अडकून घरघरला असता आणि दिवाही हलला नसता, तर सगळा कॉम्प्युटर बसला असं धरलं असतं. एवढ्यानं निम्मी व्हाउचरं बाद झाली.

दुसरी नोंद केबलची. शेजारून दोन मीटरची केबल आणली. फरक नाही. तिसरी, टीव्हीचं दुसरं भोक. फरक नाही. चौथी, नवा ड्रायव्हर काढून जुना घातला. फरक नाही. इंजिनिअर साहेबांचा स्टॅबिलायझर आणला. फरक नाही, फक्त तो गुणगुणतो. पाचवी नोंद एका युक्तीची. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की चित्राचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. दाबली. चित्र आलं! घरात टाळ्या पडल्या. चार मिनिटांनी पुन्हा गेलं. तापावर गोळी दिली की ताप उतरतो, तसं. पण ‘ताप’ हा शब्द माझ्या वहीत तिथं पहिल्यांदा आला.

सहावी नोंद आमच्या हिची आहे. काळोख झाल्यावर ती कॉम्प्युटरवरची फुलदाणी उचलायला गेली आणि म्हणाली, “अहो, हा तवा झालाय की! पोळी भाजून निघेल.” मी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग तापमान दाखवणारा एक प्रोग्राम लावला. शोकेसची दारं बंद असताना अडतिसाव्या मिनिटाला चित्राच्या कार्डाचा आकडा ९८ अंश, आणि पडदा काळा. पुढच्या खेपेला दारं सताड उघडी: ७४ अंशांवर थांबला, आणि पडदा शाबूत. तिसऱ्या खेपेला दारं बंद: पुन्हा काळा. मी दोन्ही आकड्यांपुढे लाल पेन्सिलीनं टिक केली.

आता दारं का होती, हाही इतिहासच. १९८० च्या दशकात टीव्ही लाकडी पेटीत यायचा, त्याला सरकती दारं असायची आणि काही घरांत कुलूपही. टीव्ही बघून झाला की दारं ओढायची आणि वर क्रोशाचा रुमाल. धूळ जाऊ नये म्हणून. त्याच वळणावर सुतारानं आमची शोकेस केली होती. पण त्या जुन्या टीव्हीची दारं बघताना उघडी असत. कॉम्प्युटरची दारं तो चालू असतानाच बंद असतात, कारण बघायचं असतं ते वरच्या टीव्हीवर. धूळ नको म्हणून दारं, दारांमुळे उष्मा, उष्म्यामुळे आतला पंखा जोरात फिरणार, पंखा जोरात फिरला की फटीतून जास्त धूळ ओढणार, धुळीनं पंखा जड होणार, जड पंख्यानं आणखी उष्मा. या चक्राला सुरुवात कुठं आहे ते मला सापडलं. आम्ही त्याला स्वच्छतेची आवड म्हणतो.

कार्ड बाहेर काढलं तेव्हा त्यावर उशीत भरता येईल एवढा कापूस निघाला. पंखा बोटानं ढकलला की अर्धा फेरा घेऊन थांबे. एका शनिवारी मी डोंबिवलीहून लॅमिंग्टन रोडला गेलो, तसाच पंखा शोधला, दोनशे ऐंशी रुपयांना घेतला आणि बसवला. सुतारानं दारं काढून त्या जागी जाळी लावली, त्याचे त्यानं नऊशे घेतले. वहीत नोंद आहे. ड्रायव्हर बिचारा इतके दिवस प्रत्येक निरोपात स्वतःचं नाव लिहून देत होता. तो शेवटी मोजणारा होता, एवढंच.

२०२५ साली मायक्रोसॉफ्टनं तो बत्तीस वर्षांचा जुना निळा पडदा काढून टाकला आणि त्या जागी काळा आणला. मजकूर थोडका, आकडे थोडके. दिसायला चांगला आहे. पण ज्याला तूट शोधायची आहे त्याला वही लागणारच.

त्यानंतरच्या रविवारी अप्पांना आग्रह करून बसवावं लागलं. अडतिसावं मिनिट आलं आणि गेलं. कुणी बोललं नाही. मंगलाष्टकं झाली, पंगती उठल्या, मी पहिल्यांदाच बघत असलेली कुणाकुणाची जेवणं झाली. अप्पा डोळ्यांवरचा चष्मा पुसून परत लावत होते. मग पाठवणी आली. ताई रडत होती, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून आई उभी होती. आईला कॅमेरा कधीच आवडला नाही. व्हिडिओवाला आणखी जवळ सरकला, तशी ती वळली, नाकाला पदर लावला, “पुरे आता, बंद करा ते!” म्हणाली आणि पंजा सरळ भिंगावर ठेवला.

पडदा काळा झाला. सनई चालूच होती.

माझा हात सवयीनं त्या चार बटणांकडे गेला. अप्पांनी तो मधेच धरला.

“राहू दे,” ते म्हणाले. “हा फॉल्ट नाही. तिचा हात आहे.”

संध्याकाळी मी वहीत त्या दिवसाची ओळ भरली. काळोख: चार सेकंद. कारण: आई. दुरुस्ती: नको.